पार्लमेंट उठली की

यॉर्कशायरच्या लहानशा स्टेशनात म्हातारे सर ॲम्ब्रोज गाडीची वाट पाहत बसले होते. पाठीमागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. त्यांतला एक आवाज त्यांनी लगेच ओळखला. हेस्टर!

“गिरणीतल्या पोरांचे कामाचे तास कमी केले तुझ्या ॲम्ब्रोजनं, मंत्री झाला, आणि परवाच्या निवडणुकीत पडला बिचारा.”

“पार्लमेंट उठली, सुट्टी लागली की येतो, म्हणाला होता मला,” हेस्टर म्हणाली.

“मग?”

“दरवर्षी उठायची की मेली!”

“अजून वाट बघतेस होय गं?”

“छे! या वयात?”

“दिसला तर ओळखशील तरी?”

“तोंडावरून नाही सांगता यायचं. पण पाठमोरा चालताना दिसला, तर लगेच.”

सर ॲम्ब्रोज उठले. काठी बाकालाच टेकलेली ठेवून ते दोघींच्या समोरून, त्यांच्याकडे पाठ करून, दाराकडे चालू लागले.

मागचं बोलणं एकदम थांबलं.