एकेचाळीस सेकंदांचं पान

...आणि वर मंडळातले मलाच विचारतात, "तुम्हाला एवढी घाई कसली?" अहो, घाई मला नाही. मी शाळेत खेळ शिकवतो, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून फिरणारा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांनाच पळायला लावलंय मी. पण आमच्या रक्तदाता मंडळाची वेबसाइट उघडायला किती वेळ लागतो ते मोजलं, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकेचाळीस सेकंद. तुम्हाला सांगतो, तेवढ्यात माझ्या वर्गातल्या मुली दोनशे मीटर पळून येतात आणि वर विचारतात, "सर, दमलात का?"

मंडळात मी चिटणीस. म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहायचा, खुर्च्या मांडायच्या आणि बोलणी खायची. तर एक दिवस कार्यालयात एक बाई आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणाची मला सवय आहे, पण ह्या अगदी शांत. त्यांच्या भावाला अपघात झालेला, ऑपरेशन चालू, डॉक्टर म्हणाले ओ निगेटिव्ह रक्त लागेल, लगेच बघा. बाई दवाखान्याच्या जिन्यात उभ्या, फोन जुना, रेंज येतेय-जातेय, आणि त्या आमची वेबसाइट उघडतायत... उघडतायत... शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याचं रक्त जुळलं. भाऊ वाचला. पण दीड तास गेला हो त्यात. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"रागवायला नाही आले मी. त्या दिवशीचं पान बंदच केलं नाही. अजून फिरतंय, बघा."

पांढऱ्या पडद्यावर तो गोल. गरगर, गरगर...

ओ निगेटिव्हचे आमच्या यादीत चौदा जण आहेत. त्यातला एक त्याच दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहतो. त्या दुपारी तो घरी बसून बुटांना पॉलिश करत होता. मला कसं माहीत म्हणता? अहो, तो मीच.

झालं, डोक्यात गेलं ते. एकेचाळीस सेकंद. जेवताना एकेचाळीस, दाढी करताना एकेचाळीस. भाचीला बोलावलं. ती हेच काम करते, लोकांच्या रेंगाळलेल्या वेबसाइट पळत्या करायचं. तिने लॅपटॉप उघडला आणि पान खालीवर करून बघितलं. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतात ना, तसं.

"मामा, हा फोटो कुणाचा?"

"अध्यक्षांचा."

"हा भिंतीवर लावायच्या मापाचा आहे. तुम्ही दाखवताय तिकिटाएवढा, पण बघणाऱ्याच्या फोनला अख्खी भिंत ओढत आणावी लागते."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण वरून टपटप पडणारा रक्ताचा थेंब, आपोआप सरकणारे उद्घाटनाचे अठ्ठावीस फोटो, सहा तऱ्हांची अक्षरं, 'आपण आमचे अमुक हजारावे पाहुणे'... हा सगळा लवाजमा पुढे निघून गेला की मग मागून यादी. तीही कशी, तीन हजार माणसं एकदम, फोटोंसकट.

"मामा, एका गटाचं रक्त मागणाऱ्याला तुम्ही अख्खं गाव का दाखवता?"

"हे काढायला किती वेळ लागेल?"

"काढायला एक दिवस. माणसांना समजवायला किती, ते तुम्ही बघा."

काय सांगू तुम्हाला... अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक, आवाजही करवतीचा. "फोटो लहान केलात तर मी लहान दिसेन." म्हटलं, नाही साहेब, दिसाल तेवढेच, फक्त हलके व्हाल. "म्हणजे मी जड आहे?" उपाध्यक्ष बाईंचं चष्म्याचं दुकान, थेंब त्यांच्या कल्पनेतला. "थेंब नसेल तर लोकांना कळणार कसं, रक्ताचं काम आहे ते?" बाई, नावातच रक्त आहे. "पण ते पडत नाही ना."

तीन सभा अशा गेल्या. पण मीही हट्टाला पेटलो होतो. चौथ्या सभेत भाषण केलंच नाही. सगळ्यांना उभं केलं, जिन्यातल्या बाईंकडे होता तसला जुना फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, श्वास रोखा, पान उघडल्यावर सोडा. खेळाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर ऐकतात हो माणसं. अध्यक्ष एकविसाव्या सेकंदाला फुस्स. चष्मेवाल्या बाई तेहतीसपर्यंत टिकल्या, लाल झाल्या, खुर्ची धरून बसल्या. एकेचाळीसला पान उघडलं, थेंब पडला, आणि त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मग मी जिन्यातल्या बाईंची हकिगत सांगितली. अध्यक्षांनी घाम पुसला.

"काढा तो फोटो," म्हणाले. "सगळंच काढा."

भाचीने खरंच एका दिवसात केलं. आता पान उघडलं की एकच प्रश्न, कोणता गट हवा? बोट लावा, त्याच गटाची नावं, दवाखान्याला सगळ्यात जवळ राहणारा सगळ्यात वर. मी मुद्दाम त्या जिन्यात जाऊन उभा राहिलो, त्याच जुन्या फोनवर मोजलं. दोन सेकंद. तीनदा मोजलं. दोनच.

आणि ओ निगेटिव्हमध्ये पहिलं नाव कुणाचं? माझं. गल्ली जवळची ना.

आता एक सांगतो, माझ्या वर्गातल्या मुलींना कळू देऊ नका. अकरा वर्षं मंडळात आहे, शेकडो लोकांना दंडाला धरून रक्त द्यायला नेलंय, पण मला स्वतःला सुईची भीती वाटते. माझं नाव पूर्वी यादीच्या पार तळाशी होतं. तिथवर कुणी पोचायचंच नाही, आणि त्यात मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटायचं.

नवीन पान सुरू झाल्यावर नवव्या दिवशी फोन आला. गेलो. मधले तीन महिने उलटल्यावर परवा दुसरा आला, तेव्हाही गेलो. सुईकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. पिशवी भरायला नऊ मिनिटं लागतात. त्यातलं काही कमी करता येतंय का, भाचीला विचारून पाहिलं...

नाही म्हणाली.