वांग्याच्या पानाखाली

ते अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यातलं हिंगोलीचं नेत्रशिबिर. तपासणीसाठी डोळ्यांत थेंब टाकून रागिणीला बाकावर बसवलं होतं. सगळं धुक्यात विरघळल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. शेजारी गोरेगावचं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती काही केल्या उठत नव्हती.

“मला काहून पायजेत डोळे? पहाटं परसात गेले की पानं सोताच हाताशी येत्यात. वांग्याच्या पानाखाली अळी बोटाला गार लागते. किडका शेंडा मऊ पडतो, तो खुडून टाकते. वरून चुलीतली राख भुरकावते. यंदा एक तरी वांगं किडकं निघालं का?”

“न्हाई निघालं.”

“मंग?”

“चंद्रभागा, तू चुलीपाशी गेली की राहिलेल्या अळ्या मी वेचतो. रोज ओंजळभर निघत्यात.”

“ठाव हाय.”

“तुला कसं ठाव?”

“तुमी अळीसंगं बोलता. ‘चल माय, उतर खाली’ म्हनता. मला चुलीपाशी ऐकू येतं.”

“ठाव हाय, तर मंग आपरेशनला न्हाई काहून म्हनून राहिली?”

“आख्ख्या जल्मात तुमी परसात पाय ठेवला न्हाई. आता रोज येता. मला दिसाया लागलं, की बसाल पुन्हा पारावर जाऊन.”



“समद्या अळ्या तूच वेचल्या, तर मी येऊन काय करू?”

“ठेवीन की चार-दोन तुमच्यासाठी.”

“जरा मोठ्या ठेव. मला बी आता बारीक दिसत न्हाई.”