पिस्टनची बाजू

सुंदररावकाकांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकू, व्यंकटदादा, मला चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलंय, तेच वाचतो.

सुंदररावकाका हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी दहावीला शाळा सोडलेला, लेथवर काम करणारा. चेन्नईत अड्यारला त्यांच्या गच्चीवर आम्ही सात वर्षं मॉडेल विमानांची जुनी इंजिनं दुरुस्त केली. ही विमानं दोन तारांना बांधलेली असतात. तारांची मूठ हातात धरायची आणि विमानाबरोबर आपणही गोल फिरायचं. काका म्हणायचे, ज्याला चक्कर येते त्याला विमान नको, पाळणा द्या.

माझ्या हातातलं हे इंजिन काकांचं पहिलं. कॉलेजातलं. मुठीत मावेल एवढं. गेल्या महिन्यात मी ते साफ करायला उघडलं. वंगणासाठी इंधनात घालतात ते एरंडेल आत जळून चिकटलं होतं. प्रत्येक स्क्रू मी कागदावर क्रमाने मांडला. पण पिस्टनची कुठली बाजू पुढे होती, त्याची खूण केली नाही. तेवढी एकच खूण केली नाही. इंजिन परत जोडलं आणि त्याचा दम गेला, आत हवा दाबून धरेना.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तंबी," ते म्हणाले, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं, "पिस्टन नि सिलिंडर पन्नास वर्षं एकमेकांना घासून बसलेत. तू एकाचं तोंड फिरवलंस. आता तूच सरळ कर. मी ऐकायला येतो."

त्याच आठवड्यात त्यांना इस्पितळात नेलं. ते ऐकायला आले नाहीत.

व्यंकटदादा वडिलांचं हे इंजिन त्यांच्या फोटोशेजारी काचेत ठेवणार आहेत. दादा, तुमची माया मला कळते. पण मग माझी चूकही काचेत राहील. मी पिस्टन पुन्हा फिरवून बसवलाय. तपासायला मात्र हात धजावला नाही. आज तपासणार आहे.

काकांची रीत साधी होती. इंजिन कानाशी धरायचं, पंखा बोटाने हळू फिरवायचा. फुस्स झालं, तर दम नाही. पंख्याने बोट मागे ढकललं, तर आहे. तेव्हा ते सगळ्यांना गप्प करायचे. काकूंच्या मिक्सरलासुद्धा.

दादा, दम असला तर येत्या रविवारी तांबरमच्या मैदानावर हे इंजिन मला उडवू द्या. नसला, तर पुन्हा दुरुस्त करायला त्याच्या पुढचा रविवार द्या. काचेत ठेवू नका.

आता काकांसाठी आपण एक मिनिट उभे राहू या, अगदी शांत. पंखा मी फिरवतो. त्यांच्या वाटचं ऐकणं आपण ऐकू या.