कोसा पक्का होईपर्यंत

(कार्तिक महिना. जंगलातलं येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांचं रान, फांद्यांवर रेशमाच्या कोशाचे किडे. जमिनीवर राखेची रेघ. रेघेबाहेर शेवंता, आत तिचा धाकटा दीर फागू, तिच्याकडे पाठ करून.)

फागू: तिथंच थांब, वैनी! रेघेच्या आत पाय टाकू नको.

शेवंता: नाही टाकत. मला माझं कळतं. तुम्ही आधी तोंड इकडं करा.

फागू: नाही करत.

शेवंता: काऊन? आता लाज वाटायला लागली का?

फागू: तुझं कपाळ बघायचं नाही मला. हातही बघायचे नाहीत. तू बोल, मी पाठीनं ऐकतो.

शेवंता: मग ऐका पाठीनं. परवा पहाटे तुमचे भाऊ...

फागू: हुर्र! हुर्रर्र! कावळा आला, कावळा!

शेवंता: कुठं आहे कावळा? बडवा, बडवा तो डबा. परवा तुकड्या निरोप घेऊन धावत आला, तेव्हाही असाच बडवला तुम्ही. पोरगं घाबरून परत आलं. म्हणालं, फागूकाका येड्यासारखा डबा वाजवतो अन् रडतो.

फागू: धूर गेला होता डोळ्यात.

शेवंता: सारं गाव आलं, भावजी. नदीपलीकडची माणसं आली. तुमची रखमा आली, माझ्या गळ्यात पडली. एक तुम्ही नाही! खांद्याला चौथा घरचा माणूस मिळेना, तेव्हा परका पुढं झाला. सहा वर्षं बोलला नाहीत, ते ठीक. पण अशा वेळी तर दुश्मनही येतो.

फागू: कशा वेळी ते बोलू नको. तुला माझ्या गळ्याची आण आहे. कानावर पडलं की मला सुतक, अन् सुतक लागलं की दहा दिवस या रानात पाऊल ठेवायचं नाही.

शेवंता: सुतक काय कानातून लागतं?

फागू: आबा सांगायचे. माणूस परमुलखात असला तर ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून लागतं. कळलं नाही तोवर तो मोकळा.

शेवंता: तुम्ही कुठल्या परमुलखात आहात? हाकेच्या अंतरावर तर गाव. बायकांचं रडणं नाही आलं ऐकू?

फागू: कोल्हे ओरडत होते पहाटे. मी म्हटलं, कोल्हेच आहेत.

शेवंता: वा रे वा! किड्यांसाठी माणूस सोडला तुम्ही. इतका राग आलाय मला, वाटतं या सगळ्या येनांना काडी लावावी.

फागू: लाव. पण आधी वर बघ. तुझ्या डोक्यावर फांदी आलीय ना, तिच्यावर बघ.

शेवंता: काय बघू? किडेच आहेत. बोटाएवढे झालेत तुमचे.

फागू: माझे नाहीत ते. माझं अंड्यांचं बीज बाहेरून आणलेलं, एवढं अंग धरत नाही. नीट बघ, कुणाचे आहेत.

शेवंता: ...हे आमचे?

फागू: दसरूचे. आबांच्या बीजाचे. वीस दिवस तापात पडलाय तो, त्याच्या रानातल्या झाडांचा खराटा झाला होता. किडे उपाशी फिरत होते फांद्यांवर. मग फांद्यांसकट कापून आणले अन् इथं एकेक फांदी बांधली.

शेवंता: या येनावर? वाटणीतल्या?

फागू: हो, त्याच. बीज त्याच्याकडं गेलं, येन माझ्याकडं आला. तो म्हणतो येन दे, मी म्हणतो बीज दे. सहा वर्षं नुसतं हेच. किड्याला त्याचं काय? त्याला पाला पाहिजे.

शेवंता: अन् तुमचे किडे कुठं आहेत?

फागू: कावळ्यांनी नेले. उरले ते गांधीलमाश्यांनी. एका गुलेलीनं दोन रानं राखता येतात का?

शेवंता: अगं माय! सगळे गेले?

फागू: दहा-बारा असतील पलीकडं. जाऊ दे. माझं बीज परत आणता येईल. हे गेलं तर आबांचं संपलं. त्यांनी जंगलात पाखरांच्या माद्या बांधून रानातले नर बोलावले, तेव्हा कुठं हे बीज झालं.

शेवंता: मामंजी सारखं सांगायचे मला. या पाखराला तोंडच नाही म्हणे.

फागू: नाहीच. पाखरू झाल्यावर दाणा नाही, पाणी नाही. जे खायचं ते आत्ताच, किडा असताना. त्याच्यावरच उडायचं, त्याच्यावरच अंडी घालायची. म्हणून म्हटलं, यांना एक दिवसही उपाशी ठेवायचं नाही. ऐकतेस ना? पाऊस पडल्यागत वाजतंय ते. लेंड्या पडताहेत पाल्यावर. पोटभर खाताहेत लेकाचे.

शेवंता: अन् तुम्ही काय खाता? रखमा तर आता येऊ शकत नाही.

फागू: लाह्या आहेत. नाला आहे.

शेवंता: तीन दिवस लाह्या? ...भावजी, ते तापात सारखं विचारायचे...

फागू: विचारतो, म्हण.

शेवंता: ...विचारतात. फाग्या सगळं पाळतो ना? मासा नाही ना खाल्ला त्यानं? म्हटलं, तुम्ही गुमान पडा. तर म्हणे, तो पक्का खादाड आहे, ढिवराच्या पोराला मासा दिसला की संपलं, तू जाऊन विचारून ये. सहा वर्षांनी नाव घेतलं तुमचं. अन् मी आले नाही. म्हटलं, आधी बरे होऊ देत.

फागू: नाही खाल्ला, म्हणून सांग त्याला. तेलही नाही लावलं डोक्याला.

शेवंता: सांगते.

फागू: परवापासून उजवा खांदा दुखतोय माझा. काही उचललं नाही, तरी दुखतोय.

शेवंता: रडू नका. तुम्ही रडलात तर मलाही आवरणार नाही. मी अजून धड रडले नाही, भावजी. तुमच्यावरचा राग होता ना, त्याच्यावरच तीन दिवस उभी होते.

फागू: राग ठेव. पाच दिवस ठेव अजून. ती खालची फांदी दिसते? एकानं देठ गुंडाळलाय काडीला.

शेवंता: दिसतो. दोन पानं ओढून घेतलीत त्यानं जवळ.

फागू: आता बाकीचेही बसतील. आधी देठ पक्का, मग कोसा. आत्ता धक्का लागला तर वाया जातो. एकदा कडक झाला की कावळ्यानं चोच मारून मारून मरावं. मग मिरगापर्यंत झोपतात आत. तेव्हा कुणी राखायला नको.

शेवंता: पाच दिवसांनी येऊ मग?

फागू: ये. डबा वाजवणार नाही मी. काय सांगायचं ते सांग.

शेवंता: येते.

फागू: वैनी...

शेवंता: काय?

फागू: दसरू कसा आहे?

शेवंता: ...बरे आहेत. झोपलेत.

फागू: झोपू दे. अन् येशील तेव्हा न्हाव्याला सोबत घेऊन ये.