सर ‘नाही’ म्हणाले होते

भन्तेजी, शांतावहिनी, सुजाता, आणि पिंगळीच्या या विहारात जमलेल्या सगळ्यांनो,

सर गेले, आत्ताच त्यांचं जलदान झालं. बोलायला उभी राहिलेय. मी विमल. गौतम सर गंगाखेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, मी भूगोल. घरं भिंतीला भिंत लागून. मी कुणब्याच्या घरातली, सर बौद्ध. पण त्यांची लेक सुजाता मला पहिल्यापासून मावशी म्हणते.

समोर टेबलावर फोन उभा केलाय, दिसतोय ना सगळ्यांना? त्यात सुजाताचे सासरे आहेत. अमेरिकेतून ऐकायलेत. त्यांना मराठी येत नाही, सुजाता त्यांना इंग्रजीत सांगणार आहे. सकाळी ती मला म्हणाली, ‘मावशी, तूच बोल. बाबा जे म्हणायचे तेच बोल.’ असं का म्हणाली, ते सांगते. ऐका.

सुजाताच्या सासरची माणसं मॉर्मन पंथाची. येशूला मानणारी, सरळ, निर्व्यसनी. चहासुद्धा घेत नाहीत. लग्नात व्याह्यांनी चहा नको म्हटलं, तर आपल्या शांतावहिनी, सुजाताची आई, दोन दिवस रुसल्या होत्या! त्यांच्या एका पवित्र ग्रंथात आहे की, फार जुन्या काळी जेरुसलेमकडची काही घराणी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथं वसली. मध्य अमेरिकेच्या जंगलात सापडलेली माया लोकांची नगरं हा त्याचाच पुरावा, असं त्यांच्यातल्या काहींना वाटतं. आपल्या व्याह्यांनाही वाटतं. इतिहासाचा प्राध्यापक व्याही मिळाला म्हणून ते खूश. म्हणाले, ‘माया लोकांचा व्यापार इतका लांबवर चालायचा, मग आमच्या ग्रंथातलं खरं ठरतं की नाही? तुम्हीच सांगा.’

सरांना प्रश्न विचारला की झालं! मिळेल ते वाचून काढलं. आमच्या ओट्यावर बसून मला सांगायचे, ‘मॅडम, ज्वालामुखीची काळी काच असते. तिची पाती करायचे ते लोक. तुकडा तपासला की कुठल्या डोंगराचा ते कळतं. डोंगरातली काच समुद्रकाठी सापडली, समुद्रातले शंख डोंगरात. मीठ, कोको, हिरवा जेड दगड. सगळं माणसाच्या पाठीवर, न्हाईतर होडीत. ना बैल, ना गाडी!’ डोळे असे चमकायचे. आणि शेवटी म्हणायचे, ‘पण माल सगळा तिकडचाच हाय. जेरुसलेमकडचं त्यात काई सापडलेलं न्हाई. वाट होती म्हणून त्या वाटेनं कोण आलं, ते ठरत न्हाई.’

सरांचं इंग्रजी वाचायला पक्कं, बोलायला मात्र जीभ अडायची. म्हणून रविवारच्या फोनवर दोन बापांच्या मधे सुजाता. एकदा मी सरांच्या घरीच चहा पीत बसले होते. सर स्वच्छ म्हणाले, ‘न्हाई. या व्यापारातून तुमच्या ग्रंथाचं काई सिद्ध होत न्हाई. तुमची श्रद्धा तुमची, मी तिला हात लावत न्हाई. पण पुरावा म्हणून माझं नाव घेऊ नका.’

सुजाता इंग्रजीत म्हणाली, ‘बाबा म्हणतात, अजून शोध चालू आहे, पण पुष्कळ काही जुळतंय.’

व्याह्यांचा चेहरा फुलला. त्यांनी हात जोडले. सरांनीही जोडले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘सर, तुम्हाला कळलं न्हाई का?’ म्हणाले, ‘कळलं की. पण मी दुरुस्त करायला गेलो तर लेक चारचौघांत खोटी पडंल. तिला तिथं नांदायचंय, मॅडम.’

मग व्याही त्यांच्या चर्चमधे सांगायला लागले, भारतातले एक इतिहासकार आपल्याशी सहमत आहेत. रविवारी फोनवर अनोळखी माणसं सरांना नमस्कार करायला यायची. सर इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. मला म्हणाले, ‘मी खोटं बोललो न्हाई. पण माझ्या नावानं खोटं तिकडं हिंडायलंय.’ पुढं पुढं वहिनींना म्हणायचे, मी आंघोळीला गेलोय म्हणून सांग. वहिनी म्हणायच्या, ‘किती आंघोळी करतो हा माणूस, म्हणतील की ते!’

हाच माणूस होता ना, बोरी गावात पाया खोदताना नक्षीचा दगड निघाला तेव्हा आपल्याच लोकांसमोर उभा राहिलेला? ‘लगेच स्तूपाचा म्हणू नका, आधी तपासू द्या’ म्हणाले. तुमच्यातलेच काही जण त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. बसलेत की इथं! समाजापुढं न वाकलेला माणूस लेकीच्या एका वाक्यात अडकला. मला लय चीड येते. पण काढू कुणावर? सुजातावर? परक्या देशात नवी सून, तिच्या जागी मी काय केलं असतं? व्याह्यांवर? ते तर प्रेमानंच विचारायलेत. कुणी वाईट नाही, आणि तरी माझा शेजारी स्वतःच्या घरात कोंडून गेला. शेवटपर्यंत त्याला दार सापडलं नाही.

आज सकाळी व्याह्यांचा शोकसंदेश आला. सभेत वाचायला. त्यात लिहिलंय, या थोर इतिहासकारानं आमच्या ग्रंथाची साक्ष दिली. सुजाता मराठी करायला बसली, आणि तिचा हात पुढं सरकेना.

सुजाता, ये. माझ्याजवळ उभी राहा. आतापर्यंत तू त्यांना नुसतं ‘मावशी बाबांच्या आठवणी सांगतेय’ एवढंच सांगितलंस, ते मी ऐकलं. असू दे. तुझं घर तिकडं आहे, उद्या त्या घरात तुलाच जायचंय. मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनाही ठाऊक होतं, म्हणून ते गप्प बसले.

मंडळी, सगळे उभे राहा. सरांसाठी शांतता पाळायची आहे. तेवढ्या वेळात फक्त ही बोलेल, फोनवरच्या सासऱ्यांशी, इंग्रजीत.

सर म्हणाले होते, नाही. 

सांग, बाळा. आम्ही गप्प उभे आहोत.