मार्ताला शिकवलेला शब्द

बाबांनो, मला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारू नका. एकदा सांगून बसलेय. आखातातल्या आमच्या दोहाच्या ऑफिसात मार्ता होती, कोलंबियाची. तिची भाषा स्पॅनिश, म्हणून जेवताना रोज मला एक इंग्रजी शब्द विचारायची.

त्या दिवशी म्हणाली, "डिसीव्ह म्हणजे खोटं बोलणं ना?"

मी मास्तरीणबाईंच्या थाटात म्हटलं, "खोटं बोलायलाच हवं असं नाही. खरं माहीत असून गप्प बसलं, तरी ते डिसीव्हच."

तिनं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "लेकीला इथल्या शाळेत घालतेय. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल ना?"

होणार नव्हतं. कमी करायच्या लोकांची यादी मीच टाइप केली होती.

मी तिथल्यासारखं देवावर सोडून म्हटलं, "इन्शाल्ला."

आठवड्यानं तिला नोकरी संपल्याचं पत्र मिळालं, आणि यादी कोणी टाइप केली तेही कळलं. निघताना एवढंच म्हणाली, "अर्थ बरोबर सांगितलास. उदाहरणही लगेच दिलंस."