वारुळावरचं पाणी

बायंडिंगच्या दुकानात निवृत्त प्राध्यापिकाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे दोघी मैत्रिणी प्रबंधाची पानं चाळत होत्या.

"अगं, मुंग्यांचं अख्खं प्रकरण जसंच्या तसं उचललंस, आणि मूळ प्रबंधाचं नावही नाही?"

"पंचवीस वर्षं तो ग्रंथालयात धूळ खात पडलाय. कोण बघतंय!"

"आणि हे काय? 'निरीक्षणाच्या तेराव्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी वारुळावर पाणी ओतलं.' तुझं तर लग्नसुद्धा झालं नाही!"

"अगंबाई! थांब, सासऱ्यांच्या जागी बाबा करते."

"तुझे बाबा मुंगीलाही घाबरतात."

"मग काका."

बाईंना राहवेना. त्यांनी पुढे वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मूळ पान एकशेबारा. सासरेच राहू देत, बाळ. फक्त कुणाचे, तेवढं खाली लिही."